मदत हवी आहे: ऑनलाइन घेतलेल्या सायकलच्या फिटिंगचे किती घ्यावेत?

पुण्यात काकांचं जुनं सायकलचं दुकान आहे. आता गिऱ्हाईक सायकल ऑनलाइन मागवतं आणि खोका घेऊन आमच्याकडे येतं, हँडल-पेडल तर लावायचंय म्हणत. प्रत्यक्षात चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढा, डिस्क ब्रेक घासतोय तो सेट करा, गिअर ट्यून करा, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे न बघता कोणी घरीच पिळलं असेल तर क्रँकचे (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटेच गेलेले. पैसे सांगितले की तोंड वाकडं! २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, पण तो ऑनलाइनवाल्यांनाही झालाच की. काका म्हणतात गाळा भाड्याने देऊ. कोणाच्या ओळखीतलं दुकान नुसत्या सर्व्हिसिंगवर चालतंय का, फिटिंगचे किती घेतात आणि वर्षाचं पॅकेज लोक घेतात का, प्लीज सांगा.