अस्पाशिया : पेरिक्लीसची सूत्रधार की नुसती कुचाळकी?

कोरांटी : अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस म्हटलं की पार्थेनॉनचं देऊळ आठवतं, लोकशाही आठवते. त्याची जोडीदार अस्पाशिया तळटीपेत! मिलेटसहून आलेली परकी बाई. अथेन्सच्या सभेत पाय ठेवायची सोय नाही. तरी पेरिक्लीसचं गाजलेलं भाषण तिने रचल्याचं प्लेटो सॉक्रेटिसच्या तोंडून वदवतो. इ.स.पू. ४४० मध्ये सामोस बेट आणि मिलेटस प्रिएनी गावावरून भांडले, तर अथेन्सचं आरमार निघालं सामोसवर. बाईंच्या माहेरासाठी! धोरण तीच ठरवत होती, असं माझं स्पष्ट मत.

तिरपागडा : अहो, प्लेटोचा तो संवाद म्हणजे टवाळी आहे. पाठ करताना विसरलो तेव्हा बाईंचा मार खाता खाता वाचलो, असं त्यात सॉक्रेटिस सांगतो. वर तिचं म्हणून जे भाषण म्हणून दाखवतो, त्यात इ.स.पू. ३८६ च्या आसपासच्या तहाचा उल्लेख! सॉक्रेटिस ३९९ मध्येच गेलेला. सामोसच्या गोष्टीसाठी तुमचा भरवसा चरित्रकार प्लुटार्कवर, म्हणजे पाचशे वर्षांनंतरच्या माणसावर. स्वतःचं आरमार बाळगणारं बेट अथेन्सला तसंही डोईजड होतंच की.

गवती चहा : तिरपागडा +१. विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीसने तर ४२५ च्या नाटकात स्पार्टाशी चाललेल्या अख्ख्या युद्धाचं खापर तिच्यावर फोडलं: शेजारच्या मेगारा शहराच्या लोकांनी तिच्याकडच्या दोन वेश्या पळवल्या म्हणे! पुरुषाला झोडपायचं तर बाईची अब्रू काढायची, ही तऱ्हा तेव्हाचीच. आणि एवढी सत्ता होती तर पोटच्या पोराचं काय? आईबाप दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, हा ४५१ चा कायदा खुद्द पेरिक्लीसचा. त्यात त्यांचा मुलगा बाहेर राहिला. साथीत पेरिक्लीसची आधीची दोन्ही मुलं गेली, तेव्हा कुठे लोकांनी दया दाखवून याला नागरिक करून घेतलं.

कोरांटी : कायदा तिच्याआधीचा असावा, तो तिच्या माथी कशाला? आणि पेरिक्लीसनंतर ती लिसिक्लीसबरोबर राहिली. मेंढ्यांचा व्यापारी हो तो! तिच्या संगतीत पुढारी झाला, ही सॉक्रेटिसच्या शिष्याची, एस्किनीसची साक्ष. दोनदा योगायोग?

तिरपागडा : पेरिक्लीस गेला ४२९ मध्ये, लिसिक्लीस ४२८ मध्ये कॅरिया प्रदेशात मारला गेला. एवढ्यात कसला पुढारी घडवणार? त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस तर तिचं नावही घेत नाही.

कोरांटी : तो बायकांची नावं कितीशी घेतो?