मदत हवी आहे : वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेतला बाबांचा नंबर गूगलवरून कसा काढून टाकायचा?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होऊन चार वर्षं झाली, तरी बाबांच्या मोबाइलवर अजून स्थळासाठी फोन येतात. कुणाकडे जुना बायोडाटा पडून असेल असं आम्हाला वाटायचं. पण गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला एकाने तिचं नाव, जन्मवेळ, घरचा पत्ता सगळं धडाधड सांगून "आत्ताचा फोटो पाठवा" म्हणून तगादा लावला. बाबा त्या रात्री झोपले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा नंबर अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधला. पहिल्याच पानावर आमच्या ज्ञातीच्या मेळाव्याची पुस्तिका, पीडीएफ. तिचा फोटो, उंची, पगार, मामेकुळ, पत्ता, संपर्क, काहीही झाकलेलं नाही. ही पुस्तिका मेळाव्याला आलेल्या घरांत वाटतात, म्हणून आम्ही विश्वासानं सगळं लिहून दिलं होतं. ती साइटवर चढवणार हे फॉर्मवर कुठेच नव्हतं.

मंडळाच्या काकांना फोन केला. माणूस भला आहे, पण साइट बनवणारा मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला आणि पासवर्ड कुणाकडेच नाही. नंबर बदला, असं सगळे सुचवतात. बँक, आधार, पेन्शन, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. सत्तरीच्या माणसाने कुठे कुठे खेटे घालायचे?

कुणी यातून गेलं असेल तर कृपया नीट सांगा.

प्रतिसाद :
ताई, गूगलमधून काढणं आणि साइटवरून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही करा. फोन नंबर, पत्ता, ईमेल शोधनिकालांतून काढण्याची विनंती एप्रिल २०२२ पासून गूगलकडे करता येते. फॉर्म बाबांच्या वतीने तुम्हीही भरू शकता. पीडीएफची लिंक, शोधनिकालाच्या पानाची लिंक आणि स्क्रीनशॉट जोडा. शोधशब्द म्हणून बहिणीचं नाव आणि बाबांचा नंबर, दोन्ही लिहा, कारण कधी कधी नावाने शोधल्यावरच निकाल लपतो, बाकी शोधांत तो तसाच राहतो. बिंग या दुसऱ्या शोधयंत्राचा फॉर्म वेगळा आहे.

पासवर्डचं म्हणाल, तर डोमेनचं (साइटच्या नावाचं) वार्षिक बिल कोण भरतं ते विचारा. ज्या ईमेलवर ते बिल येतं, त्यावरून खातं पुन्हा हाती येतं. फाइल पुसूनच टाका. रोबॉट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांना सूचना देणारी साइटवरची फाइल) मनाईची ओळ घालून भागत नाही, लिंक तरीही शोधात दिसू शकते. पुसल्यावर गूगलला जुना निकाल ताजा करायला सांगायचं वेगळं साधन आहे, ते वापरा.

ट्रूकॉलरवरही नाव दिसत असेल तर त्यांच्या साइटवर नंबर अनलिस्ट करायचं पान आहे. बाबांचं तिथे खातं असेल तर आधी ते बंद करावं लागतं.

प्रतिसाद :
कायद्याबद्दल थोडं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. पण नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि ती कलमं लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. त्याची वाट पाहत थांबू नका. मंडळाला आजच लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. बिल खजिनदारांच्या मेलवर येतं. काल त्यांच्या घरी बसून खातं उघडलं. आत सहा वर्षांच्या पुस्तिका होत्या, प्रत्येकीत दीड-दोनशे मुलामुलींची माहिती. आमचीच पुसून मला घरी येववेना. सगळ्या पुसल्या. गूगलचा फॉर्मही भरला आहे.

आता काकाच म्हणतात, यंदाच्या फॉर्मवर 'माहिती फक्त छापील पुस्तिकेसाठी' अशी संमतीची ओळ घालू. असा मजकूर कुणी तयार केला असेल तर इथे द्याल का? फॉर्म रविवारी छपाईला जातोय.