मदत हवी आहे: टू-स्ट्रोक हेडचा डोम आरशासारखा पॉलिश करावा का?

एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर टू-स्ट्रोक इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) 50 मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) 50 मिमी. कार्बन काढण्यासाठी हेड (सिलिंडरचं झाकण) उतरवलं आहे. ॲल्युमिनियमवर ओरखडे नकोत म्हणून लाकडी पट्टीने खरवडलं. कॉस्टिक सोड्याचा सल्ला मिळाला होता, पण तो ॲल्युमिनियमच खातो म्हणून टाळला.

आता मधला डोम (हेडच्या आतला घुमट) कास्टिंगचाच दिसतो, खरखरीत. कडेचा स्क्विश बँड (पिस्टन वर आला की त्याच्या अगदी जवळ येणारा कडेचा पट्टा) लेथवर काढलेला आहे, त्यावर टूलच्या बारीक रेघा आहेत. पण एक्झॉस्टच्या बाजूला बँडच्या कडेवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत. डोम, बँड सगळंच एकदम घासून चकचकीत करावं असं मनात आहे. पॉवरमध्ये फरक पडतो का? कोणत्या नंबरचा पेपर घ्यावा? ग्लास बीड ब्लास्टिंग करून घेतलं तर चालेल का? आणि हात लागलाच आहे तर सिलिंडरही आतून पॉलिश करू का?

जुनाजेट:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: सिलिंडरला अजिबात हात लावू नका. होनिंगच्या (बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या) तिरक्या रेघांमध्ये ऑइल टिकतं. त्या गेल्या की रिंग कोरडी घासणार.

डोम पॉलिश केल्याने पॉवर वाढली असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तत्त्वतः गुळगुळीत पृष्ठभागाचं क्षेत्रफळ कमी, त्यामुळे उष्णता थोडी कमी बाहेर जाते आणि कार्बनही उशिरा धरतो. पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, त्यामुळे तुमच्या आरशावर लवकरच काळा थर बसणार आणि आत पुन्हा कार्बनचाच पृष्ठभाग उरणार. खरा उपयोग आहे तो धारदार कडा मोडण्याचा. कास्टिंगचे कंगोरे, प्लगच्या भोकाशी आत डोकावणारा आटा, अशा पातळ जागा प्रमाणाबाहेर तापतात आणि स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवतात. तेवढ्या गोल करा. पेपर 400, मग 600, रॉकेलमध्ये भिजवून, नाहीतर ॲल्युमिनियम पेपरात भरतं. त्यापुढचं पॉलिश डोळ्यांच्या समाधानासाठी.

रोटरी टूल मात्र जपून. समजा चेंबरचं (पिस्टन वर असताना उरणाऱ्या जागेचं) आकारमान 11 घन सेंटीमीटर (घसेमी) आहे. पूर्ण स्ट्रोक धरून कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) 9.9 येतो. अर्धा घसेमी धातू गेला की तोच 9.5. पेपरने एवढं जात नाही, टूलने कळायच्या आत जातं.

बेअरिंग_खडखड:
ग्लास बीड आतून नको. मणी कास्टिंगच्या छिद्रांत अडकतात आणि इंजिन तापलं की सुटून बोअर खरवडतात. बाहेरच्या फिन्सना करा हवं तर, तेही प्लगचं भोक आणि गॅस्केटची जागा बंद करून.

स्क्विशवाले:
पेपर खाली ठेवा आधी. ते खड्डे घासू नका.

बँड लेथवर काढलेला आहे, म्हणजे कास्टिंगचा खरखरीतपणा तिथे उरलेला नाही. कास्टिंगमधली छिद्रं उघडी पडली असती तर ती विखुरलेली दिसली असती, एका कडेला गोळा झाली नसती. तुटलेल्या रिंगचा तुकडा फिरला असता तर मोठे, कडा वर आलेले घाव पडले असते. तुम्ही सांगताय ती खूण डेटोनेशनची वाटते: शेवटचं मिश्रण कडेला एकदम पेटतं आणि धातू टोचून निघतो. पॉलिश केलं तर पुरावा जाईल, दुखणं राहील.

पिस्टनच्या डोक्यावर त्याच जागी तसेच खड्डे आहेत का? प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर भिंगाने राखाडी चमकदार कण दिसतात का? ते वितळलेलं ॲल्युमिनियम असतं. आणि सोल्डर वायर घालून स्क्विश, म्हणजे पिस्टन वर असताना बँड आणि पिस्टनमधली फट, मोजा.

धागाकर्ता:
पिस्टनवर आहेत, कणही दिसले. वायर दबून 1.7 मिमी राहिली. सिलिंडरखाली 0.5 मिमीची दोन बेस गॅस्केट निघाली, आधी कोणी घातली माहीत नाही.

स्क्विशवाले:
मग बरंच काही जुळतंय. एवढ्या फटीत स्क्विश असून नसल्यासारखा: मिश्रण मध्ये ढकललं जात नाही, कडेला पडून तापत राहतं. एक गॅस्केट काढा, 1.2 होईल. पोर्ट थोडे उशिरा उघडतील, तेवढं चालतं. पण 50 च्या बोअरवर अर्धा मिमी म्हणजे जवळजवळ 1 घसेमी, म्हणजे चेंबर 12 चे 11 झाले तर रेशो 9.2 वरून 9.9. तुमच्या पेट्रोलला तो जास्त होत असेल तर डोममधून थोडा धातू काढायचा, बँडला न शिवता. तुमच्या मूळ प्रश्नाला खरा अर्थ इथे येतो. प्रत्येक वेळी प्लेक्सिग्लास ठेवून, सिरिंजने पातळ ऑइल भरून चेंबरचं आकारमान मोजा.

त्याआधी लीन (पेट्रोल कमी पडणारं) मिक्श्चर, पुढे सरकलेलं स्पार्कचं टायमिंग आणि क्रँक सीलमधून हवा खेचली जातेय का, हे तपासाच. फट एकटीच दोषी असते असं नाही.

धागाकर्ता:
वायर एकाच बाजूला घातली होती. चालेल ना?

स्क्विशवाले:
नाही. दोन्ही बाजूंना एकदम, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत. इतरत्र पिस्टन कलतो आणि आकडा खोटा येतो.