पोस्टमन शिकावे की पॉकेटबेस बसवावे?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात सुमारे ९,००० पुस्तके आणि साडेतीनशे सभासद आहेत. दाखल नोंदवही कागदावरच आहे आणि देवघेव एका एक्सेल फायलीत चालते, ती फाइलही दोन वेळा बिघडली. मी संध्याकाळी तिथे विनामूल्य काम करतो. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट मला बऱ्यापैकी येते. सर्व्हरच्या बाजूचे काही येत नाही.

एका मित्राने ‘आधी पोस्टमन शीक’ असे सांगितले, तर दुसऱ्याने ‘पॉकेटबेस घे, सगळे तयार मिळते’ असे सुचवले. दोन्हींच्या संकेतस्थळांवर एपीआय हा शब्द जागोजागी असल्यामुळे माझा गोंधळ उडाला आहे. टेबलावर एकच संगणक आहे आणि इंटरनेट वरचेवर जाते. या दोहोंपैकी कोणते निवडावे?

प्रतिसाद १

ही दोन्ही साधने एका जागेसाठी भांडणारी नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची ठरलेली पद्धत; त्यात पोस्टमन प्रश्न विचारतो आणि पॉकेटबेस उत्तर देतो. बंगळुरूमध्ये अभिनव अस्थाना यांनी २०१२ च्या सुमारास क्रोम ब्राउझरसाठी एक लहानसे पूरक साधन म्हणून पोस्टमन तयार केला; आज त्याचा पसारा पुष्कळ वाढला असला तरी मूळ काम तेच आहे, म्हणजे एखाद्या पत्त्यावर विनंती पाठवायची आणि आलेले उत्तर जसेच्या तसे दाखवायचे. तुमच्या ९,००० पुस्तकांपैकी एकही पुस्तक त्यात साठवता येणार नाही.

पॉकेटबेस ही गो भाषेत लिहिलेली एकच चालवण्याजोगी फाइल आहे. तिच्या पोटातच एसक्यूलाइट डेटाबेस, लॉगिनची व्यवस्था, फायलींची साठवण आणि व्यवस्थापकाचा पडदा असतो. फाइल चालू केली की १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकापुरता, ८०९० क्रमांकाच्या पोर्टवर सर्व्हर उभा राहतो. ‘पुस्तके’, ‘सभासद’ आणि ‘देवघेव’ असे तीन संग्रह तयार केलेत की प्रत्येकाचा एपीआय आपोआप मिळतो. फोनवरूनही वापरायचे तर सर्व्हर चालू करताना १२७.०.०.१ ऐवजी ०.०.०.० हा पत्ता द्यावा; मग इंटरनेट गेले तरी टेबलावरचा संगणक आणि त्याच वायफायवरचे फोन यांचे काम चालू राहते, त्यामुळे तुमच्या परिस्थितीत आधी पॉकेटबेसच बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, पण पोस्टमनसारखे चाचणीचे साधन नंतर कधीतरी पाहू, असे कृपया करू नका. एका गृहनिर्माण संस्थेसाठी मी अशीच नोंदवही केली होती. व्यवस्थापकाच्या पडद्यावर सर्व काही ठीक दिसत होते. आठ दिवसांनी सहज म्हणून लॉगिन न करता सभासदांची यादी मागितली, तेव्हा सर्वांचे फोन क्रमांक समोर आले. ते पाहून मला दरदरून घाम फुटला.

चूक माझीच होती. पॉकेटबेसमध्ये प्रत्येक संग्रहाला यादी, एक नोंद पाहणे, नवी नोंद, बदल आणि खोडणे यांचे वेगवेगळे नियम असतात. नियम कुलूपबंद ठेवला तर केवळ मुख्य व्यवस्थापकाला प्रवेश मिळतो, पण कुलूप काढून चौकट रिकामी ठेवली तर तो दरवाजा सर्वांना उघडा होतो. व्यवस्थापकाला हे नियम लागूच होत नसल्यामुळे त्याच्या पडद्यावर ही चूक कधीच दिसत नाही. ती पाहायची तर बाहेरच्या माणसासारखे दार ठोठवावे लागते आणि पोस्टमनसारखे साधन त्यासाठीच हवे असते.

तीच विनंती तीनदा पाठवा: टोकन (लॉगिन केल्यावर मिळणारी ओळखीची खूण) न देता, साध्या सभासदाचे टोकन देऊन आणि ग्रंथपालाचे टोकन देऊन. उत्तरासोबत येणारे स्थितीचे क्रमांकही नीट वाचा. कुलूपबंद नियमाला ४०३ (प्रवेश नाही) येतो. यादीचा नियम जुळला नाही तर मात्र २०० (विनंती यशस्वी) हाच क्रमांक येतो आणि यादी रिकामी असते, त्यामुळे ‘२०० आला म्हणजे जमले’ असे समजू नये. एकच नोंद मागितली आणि नियम आड आला तर ४०४ (सापडले नाही) मिळतो. नवी नोंद अडली तर ४०० (विनंती चुकीची).

प्रतिसाद ३

चाचणीसाठी पोस्टमनच हवा असे नाही. २०२३ मध्ये त्यांनी खात्याशिवाय वापरता येणारा ‘स्क्रॅच पॅड’ बंद करण्याचे जाहीर केले आणि त्यानंतर विनंत्यांचे संग्रह जपून ठेवायचे तर खाते उघडणे भाग पडू लागले. जिथे इंटरनेटचा भरवसा नाही, तिथे मी ब्रुनो हे पोस्टमनसारखेच दुसरे साधन सुचवीन. तो प्रत्येक विनंती तुमच्याच फोल्डरात साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे प्रकल्पासोबत तिचीही प्रत राहते.

पॉकेटबेसबद्दलही एक सावधगिरी सांगतो. १.० आवृत्तीपूर्वी मागच्या आवृत्त्यांशी पूर्ण सुसंगतीची हमी त्याचे कर्ते देत नाहीत आणि ०.२३ मध्ये तर व्यवस्थापकांच्या खात्यांची रचनाच बदलली. नवी आवृत्ती घेण्याआधी सर्व्हर थांबवून ‘पीबी_डेटा’ हे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. सारे वाचनालय त्या एका फोल्डरात असेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पॉकेटबेस आणि ब्रुनो दोन्ही बसवले आणि २०० पुस्तके भरली. टोकनाशिवाय सभासदांची यादी मागितल्यावर ४०३ आला, तेव्हा जिवात जीव आला. एक अडचण मात्र उरली आहे: ‘कादंबऱ्या’ हा शब्द संगणकावरून शोधला तर ३१ पुस्तके मिळतात, पण फोनवरून शोधला तर एकही मिळत नाही.

प्रतिसाद ४

संगणकावर आणि फोनवर लिहिलेला ‘कादंबऱ्या’ हा शब्द, अशी दोन्ही रूपे ब्रुनोमध्ये एकाखाली एक चिकटवून तीच विनंती दोनदा पाठवा, म्हणजे दोष शोधात आहे की अक्षरात हे कळेल. माझा अंदाज अक्षराचा आहे. ‘ऱ्या’ लिहिताना काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एसक्यूलाइट त्यांना वेगळे शब्द मानते. नोंद साठवताना आणि शोधण्याआधी, अशा दोन्ही ठिकाणी, दुसरे रूप पहिल्यात बदलून घ्या. जावास्क्रिप्टमध्ये ते एका ओळीचे काम आहे. आधीच भरलेल्या २०० नोंदीही त्याच ओळीतून एकदा फिरवून घ्या.