मदत हवी आहे: इटलीच्या राजाने सही का केली नाही?

नमस्कार मंडळी. भाचीला अकरावीच्या प्रकल्पासाठी मुसोलिनीचा उदय हा विषय मिळालाय. शिकवायला म्हणून मी वाचायला बसलो आणि मीच अडकलो!

१९२१च्या निवडणुकीत फॅसिस्टांना ५३५ पैकी जेमतेम ३५ जागा. ऑक्टोबर १९२२मध्ये मुसोलिनीचे काळे शर्टवाले फॅसिस्ट रोमवर चालून निघाले, तेव्हा पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला होता. २८ तारखेला सकाळी राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने त्यावर सही नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावलं. मुसोलिनी तोवर मिलानमध्येच होता, रोमला आला तो रात्रीच्या रेल्वेने. मोर्चा कसला, वरातच म्हणायची.

राजाला नेमकी कशाची भीती होती? यादवीची, सैन्य ऐकणार नाही याची, की समाजवाद्यांची?

दुसरं कोडं आचेर्बो कायद्याचं. २५ टक्क्यांवर मतं मिळवून पहिल्या आलेल्या पक्षाला दोन तृतीयांश जागा. जोलित्तींसारख्या मुरलेल्या उदारमतवाद्यांनी १९२३मध्ये याला पाठिंबा दिलाच कसा?

कुणी इतिहासाचे प्राध्यापक असतील तर जरा उलगडून सांगा. मराठीत वाचायला काही असेल तर फारच बरं. रविवारपर्यंत वेळ आहे.