मदत हवी आहे: पार्टनरच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून ऑर्डर नाकारता येते का? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून लग्नपत्रिका आणि लग्नाच्या वेबसाइट करतो. बेसमेंटमध्येच सगळा पसारा, एलएलसी (छोटी मर्यादित जबाबदारीची कंपनी) आहे, दोघींचा निम्मा निम्मा वाटा, नोकर कुणी नाही. ऑर्डरी बहुतेक ओळखीतूनच येतात.

तर गेल्या आठवड्यात एक ऑर्डर आली. दोन मुली, एक मराठी आणि एक इथली, त्यांचं एकमेकींशी लग्न आहे. त्यांना आमच्या कॅटलॉगमधली तयार पत्रिका हवीये (वर गणपती असलेली, आमची सगळ्यात जास्त खपणारी), टेबलावर ठेवायची नावांची कार्डं हवीयेत, आणि एक वेबसाइट, ज्यात दोघी कशा भेटल्या वगैरे सगळं आम्हीच लिहून द्यायचं. मी फोनवर जवळजवळ हो म्हणून बसले होते. जाऊबाईंना सांगितलं तर एकदम गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी कसं राहावं तो त्यांचा प्रश्न. पण वर गणपती काढून खाली हे, माझ्या हातून नको."

कृपा करून त्यांना इथे कुणी झोडपू नका. बाई मनाने वाईट नाहीत, चतुर्थीला पाणीसुद्धा विचार करून पितात इतकंच. माझं मत वेगळं आहे पण ते असो.

रात्री दोनपर्यंत वाचत बसले आणि डोक्याचा पार भुगा झाला. कोलोराडोच्या मास्टरपीस केकशॉपवाल्याने धर्माचं कारण देऊन गे जोडप्याच्या लग्नाचा केक नाकारला होता, ती केस तो २०१८ साली सुप्रीम कोर्टात जिंकला, ७ विरुद्ध २, म्हणून मला वाटलं झालं, धर्माचं कारण चालतं. तर पुढे वाचलं की तो जिंकला ते राज्याच्या नागरी हक्क कमिशनने सुनावणीत त्याच्या धर्माबद्दल अनादराने बोललं म्हणून, दुकानदार नाही म्हणू शकतो का हा मूळ प्रश्न कोर्टाने तसाच ठेवला! मग २०२३ ची ३०३ क्रिएटिव्ह, तीपण कोलोराडोचीच, गे लग्नांच्या वेबसाइट करायच्या नाहीत म्हणणारी वेबसाइटवाली बाई, ६ विरुद्ध ३ ने जिंकली. पण निकाल धर्मस्वातंत्र्यावर नाहीच, अभिव्यक्तीवर आहे. आणि त्याआधी न्यू मेक्सिकोची एक फोटोग्राफर सेम टाइपची केस तिथल्या सुप्रीम कोर्टात २०१३ साली हरलीये. आता यातलं आम्हाला काय लागू होतं?

आमच्या राज्याचा भेदभावविरोधी कायदा आहे, एलएडी म्हणतात तो, त्यात सेक्शुअल ओरिएंटेशन १९९० च्या दशकापासून आहे. पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर 'हॉबी लॉबी केस बघ, धंद्यालापण धर्म असतो' असं टाकलंय आणि जाऊबाई तेच धरून बसल्यात.

मला विचारायचंय ते हे. तीन वस्तूंपैकी काही घ्यायच्या, काही नाकारायच्या असं चालतं का? पार्टनरपैकी एकीलाच नको असेल तर? आणि जाऊबाई म्हणतायत की सरळ 'सध्या बुकिंग फुल आहे' असा मेल टाकू, त्यात काही होतं का?

– बेसमेंटवाली

प्रतिसाद, शाईचा डाग: तिसऱ्याचं आधी सांगतो कारण तिथेच तुम्ही खड्ड्यात जाल. बुकिंग फुल म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची ऑर्डर घेऊन इन्स्टावर फोटो टाकायचे, झालं, खोटं कारण दिलं हाच पुरावा. खरं कारण सांगून निदान कोर्टात मुद्दा मांडता येतो, खोटं पकडलं गेल्यावर तोही हातातून जातो. राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे तक्रार करायला त्यांना १८० दिवस असतात, थेट कोर्टात जायचं तर दोन वर्षं. आणि वेबसाइटवर 'अशी कामं घेत नाही' अशी पाटीही लावू नका, एलएडीमध्ये तशी नोटीस लावणं हेच वेगळं उल्लंघन धरलंय.

प्रतिसाद, दुपारचा चहा: पुतण्याला सांगा हॉबी लॉबी (छंदाच्या सामानाच्या दुकानांची कंपनी, २०१४) ज्या कायद्यावर जिंकले तो १९९३ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा, आरएफआरए, फक्त केंद्र सरकारला बांधतो, राज्यांना नाही, हे सुप्रीम कोर्टानेच १९९७ मध्ये ठरवलंय. शिवाय ती केस कर्मचाऱ्यांच्या इन्शुरन्सची होती, गिऱ्हाईक नाकारण्याची नव्हे. तुमच्याकडे राज्याचा कायदा आहे आणि तो सगळ्यांना सारखा लागू असेल तर केवळ धर्म म्हणून सूट मिळत नाही, १९९० च्या स्मिथ केसपासून तसंच आहे. ती पेयोट नावाच्या निवडुंगाची केस, दोन नेटिव्ह अमेरिकन चर्चवाले विधीत तो खाल्ला म्हणून नोकरीवरून गेले होते. म्हणून तर हे सगळे वकील आता धर्म बाजूला ठेवून अभिव्यक्तीच्या दारातून शिरतात.

आणि न्यू जर्सीतलंच उदाहरण हवं तर ओशन ग्रोव्ह. तिथल्या मेथडिस्ट (ख्रिस्ती पंथाच्या) संस्थेने समुद्रकाठचा आपला पॅव्हिलियन दोन स्त्रियांच्या सोहळ्याला नाकारला, तो पब्लिकला खुला होता म्हणून २०१२ साली निकाल संस्थेच्या विरुद्ध गेला. धार्मिक संस्था असून!

प्रतिसाद, शाईचा डाग: +१. आणि ३०३ क्रिएटिव्ह वाचताना एक गोष्ट सुटते. तिथे दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलं होतं की ती बाई गे गिऱ्हाइकांची इतर कामं घेणार, आणि तिची प्रत्येक वेबसाइट तिने स्वतः घडवलेली, तिच्या शब्दांतली असणार. म्हणजे माणूस नाकारला नाही, मजकूर नाकारला. तुमच्या यादीत मजकूर घडवणं फक्त वेबसाइटमध्ये आहे. नावांची कार्डं म्हणजे नुसतं छापणं. तयार पत्रिका तर कॅटलॉगमध्येच आहे, तुम्ही ती शेकडो जणांना विकलीये, या दोघींना नाही म्हणालात तर फरक कागदात नाही, गिऱ्हाइकात आहे. माझं मत, पत्रिका नि कार्डं नाकारायचा विचारही करू नका. वेबसाइटला ३०३ चा आधार घेता येईल, पण त्याला वकील लागेल, फोरमवरचे आम्ही नाही.

प्रतिसाद, उंटावरून: मला हा 'माणूस वेगळा, मजकूर वेगळा' प्रकार पटत नाही. साउथ कॅरोलिनात पिगी पार्क म्हणून बार्बेक्यूची दुकानं होती, मालक म्हणायचा काळ्या लोकांना आत बसवून वाढणं माझ्या धर्मात बसत नाही, १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बचाव फालतू म्हणून उडवला. श्रद्धा तिथेही खरीच असेल की. एकदा दार किलकिलं केलं की कुठे थांबणार?

प्रतिसाद, दुपारचा चहा: अहो पण उलटंही बघा ना. कोलोराडोत त्या केकवाल्याच्या केसच्याच सुमारास एका गिऱ्हाइकाने तीन बेकऱ्यांमध्ये गे लोकांच्या विरोधातला मजकूर असलेले केक मागितले, बेकऱ्यांनी नाही सांगितलं, कमिशन म्हणालं भेदभाव नाही. मजकूर नाकारायचा हक्क अजिबात नको म्हणालात तर उद्या तुमच्याच मुलीला असलं काही लिहायला लागेल.

धागाकर्ती, बेसमेंटवाली: सगळ्यांचे आभार, खरंच. जाऊबाईंना धागा वाचून दाखवला, पिगी पार्कला त्या चिडल्या, "मी काय तसली आहे का!"

मग मी एक जुनी गोष्ट काढली. माझ्या लग्नात ठरलेला फोटोग्राफर होम आहे, मूर्ती आहेत कळल्यावर मागे फिरला होता. त्याच्या धर्मात बसत नाही म्हणाला, नम्रपणे, डिपॉझिटही परत केलं. आणि जाऊबाई, तेव्हा नव्या नव्या इथे आलेल्या, त्याला फोनवर मराठीतून काय काय बोलल्या होत्या ते आमच्या घरात अजून सांगतात. त्याचं आठवून त्या हसल्या, मग म्हणाल्या, "तो माझ्या देवाला नाही म्हणाला. मी माझ्याच देवासाठी नाही म्हणतेय." मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाहीये.

पण काल रात्री खाली गेले तर पत्रिकांचं प्रूफ काढून ठेवलेलं. गणपतीसकट. वेबसाइट मी एकटीच लिहिणार, त्यावर त्या एक अक्षर लिहिणार नाहीत. सोमवारी वकिलाची अपॉइंटमेंट घेतलीये, कारण एलएलसीच्या करारात दोघींचं जमलं नाही तर काय याबद्दल एक ओळ नाहीये, तेव्हा कशाला लागेल असं वाटलं होतं. असा करार कुणी केला असेल तर त्यात नेमकं काय लिहून घेतलं ते सांगा प्लीज, दोन वाटेकरी, निम्मा निम्मा.