सगळी कर्जं एका पर्सनल लोनमध्ये गुंडाळली का कोणी? अनुभव सांगा (खान्देशी मंडळी खास)

तापीकाठचा, जळगाव

मंडळी, हा धागा काढायला लाज वाटत होती, दोन महिने टाळलं, आता काढतोच. मी एमआयडीसीत चटईच्या कंपनीत सुपरवायझर, हातात ३८ हजार येतात. देणं असं: एका क्रेडिट कार्डावर १,१२,०००, दुसऱ्यावर ६४,०००, मोबाईलवरून घेतलेलं ॲपचं कर्ज ३५,०००, फ्रिज-एसीचे हप्ते २२,००० राहिलेत आणि पतसंस्थेचे ९०,०००. म्हणजे ३,२३,०००. पगारातले २२ हजार यातच जातात आणि कार्डाचा आकडा हलतच नाही कारण मी फक्त मिनिमम भरतो, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचे झाले ४२, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. आता एका बँकेचा माणूस म्हणतो साहेब सव्वातीन लाखाचं पर्सनल लोन घ्या, १४ टक्क्यांनी देतो, सगळं मिटवा, एकच हप्ता. ऐकायला गोड वाटतं म्हणूनच भीती वाटते. सल्ला नको, सल्ले चिक्कार मिळालेत. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी पुढं काय झालं ते सांगा.

भुसावळ जंक्शन

भाऊ मी केलंय, म्हणून बोलतो. रेल्वेत आहे, पगार महिनाअखेरीला होतो. २०२२ मध्ये ४ लाख उचलले, १३ टक्के, ४ वर्षं, हप्ता १०,७३१. दोन्ही कार्डं आणि एक जुनं लोन साफ केलं. पहिले तीन महिने अशी झोप लागली की बायको म्हणायची तब्येत बरी आहे ना तुमची. मग कार्डवाल्यांचा मेसेज आला, तुमची लिमिट वाढवली आहे, अभिनंदन. अभिनंदन!! मुलीच्या नीटच्या क्लासची फी आली, भाच्याचं लग्न आलं, एक मोबाईल घेतला, आणि १४ महिन्यांत दोन्ही कार्डं मिळून १,८५,००० वर गेली. आणि पर्सनल लोनचा हप्ता तर चालूच. म्हणजे आधी एक खड्डा होता, मी शेजारी दुसरा खणला.

एका रात्री चिडून आईच्या सुपारीच्या अडकित्त्यानं दोन्ही कार्डं कापली, चिप मधोमध तुटेल अशी. फार बरं वाटलं. पुढच्या महिन्यात तरी २,३०० चं बिल आलंच, कारण शॉपिंगच्या ॲपमध्ये नंबर सेव्ह होता आणि पोरानं त्यावर बूट मागवले. प्लास्टिक कापून कार्ड बंद होत नाही हे तेव्हा कळलं. बाकी शून्य करून बंद करायचा अर्ज द्यावा लागतो, मग ७ कामाच्या दिवसांत त्यांना बंद करावंच लागतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड त्यांना बसतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे मी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं.

चाळीसगावची मास्तरीण

माझं थोडक्यात. ३ लाख, १४ टक्के. ३ वर्षांचा हप्ता १०,२५३ होता, ५ वर्षांचा ६,९८०. मी ५ वर्षं घेतलं, हप्ता कमी दिसला म्हणून. व्याज ३ वर्षांत ६९ हजार गेलं असतं, ५ वर्षांत १ लाख १८ हजारांच्या वर जाणार. ही बेरीज मी वर्गात पोरांना शिकवते, स्वतःची केली नव्हती.

केळीवाला, रावेर

तुमच्यासारखी पगाराची स्लिप आपल्याकडे नाही, त्यामुळे बँकेत पर्सनल लोनचं नाव काढलं की साहेब हसतो. माझं देणं म्हणजे कृषी केंद्राची उधारी १,४०,००० (टिश्यूची रोपं, ठिबक, खत, सगळं त्यात), ती महिन्याला दोन टक्क्यांनी, आणि गावातल्या दोघांचे हातउसने. सालदाराचा (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचा) हिशोब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, करावाच लागतो, त्याला थांब म्हणता येत नाही. त्या वर्षी मे महिन्यात वादळानं बाग आडवी झाली, घड निम्मे भरलेले होते, व्यापारी बांधावर उभा राहून म्हणतो या मालाला बऱ्हाणपूरचा भाव नका सांगू.

एका एजंटानं सुचवलं की सोसायटीचं पीककर्जसुद्धा मोठ्या लोनमध्ये घालून टाका, एकच राहील. बरं झालं पुतण्या शेजारी होता. तो म्हणे काका पीककर्ज ३ लाखांपर्यंत वेळेत भरलं तर केंद्र आणि राज्याची व्याज सवलत धरून शून्य टक्क्यात पडतं, ते १५-१६ टक्क्यांत कशाला नेता? स्वस्त कर्ज महागात मिसळायला निघालो होतो मी!

शेवटी सोनं ठेवलं. बायकोच्या पाटल्या, गोफ आणि मंगळपोत. बँकेतल्या सोनारानं दगडावर एक रेघ मारली, ॲसिडचा थेंब टाकला, मग पोतीचे काळे मणी आणि लाखेचं वजन वजा केलं, घरी साडेसात तोळे म्हणून मिरवत होतो ते सहाच्या थोडं वर भरलं. पैसे मिळाले, कृषी केंद्र साफ केलं, वर्षानं कापणी झाल्यावर एकदम भरलं. दागिने परत आले, पण त्या वर्षभरात दोन लग्नांत ती गळ्यात नकली घालून गेली आणि मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बिबडेवाली ताई, अमळनेर

आमचं बायकांचं वेगळंच असतं. मायक्रोफायनान्सच्या चार कंपन्यांची कर्जं माझ्या नावावर होती, घेतलं कधी मी, कधी यांनी माझ्या नावावर. आठवड्याचा हप्ता, मीटिंग शेजारणीच्या ओट्यावर. एकीचे पैसे कमी पडले की बाकी बसून राहायच्या, दुपारची मजुरी बुडायची, आणि सगळ्या मिळून तिच्या तोंडाकडे पाहायच्या. व्याजापेक्षा ते पाहणं जास्त लागतं हो. एका कंपनीचा हप्ता भरायला मी दुसरीचं उचलायची.

मग उमेदच्या (सरकारच्या बचत गट अभियानातल्या) आमच्या गटाला बँकेचं कर्ज मिळालं, व्याज ७ टक्के. त्यातून माझ्या वाट्याचे आले त्यात दोन कंपन्या पूर्ण मिटवल्या. तिथला पोरगा म्हणे मुदतीआधी बंद केलं तर दंड लागेल. आमच्या सीआरपी ताईंनी (उमेदच्या गावातल्या कार्यकर्तीनं) त्याला तिथंच सांगितलं, मायक्रोफायनान्सच्या कर्जाला असा दंड लावताच येत नाही. पोरगं गप. उरलेल्या दोन्ही कंपन्या उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड विकून फेडल्या. सासूबाई आजही म्हणतात, मी तुले सांगेल व्हतं ना. कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही, पण म्हणू देते.

शेवभाजी, धुळे

@तापीकाठचा, तुमचा आकडा वाचून मुद्दाम लिहितोय. मी ३ लाख मंजूर करून घेतले, कारण माझी बेरीज बरोब्बर ३ लाख होती. खात्यात आले २,८३,४२०. प्रोसेसिंग फी २ टक्के म्हणजे ६,०००, त्यावर जीएसटी १,०८०, आणि कर्जाचा विमा म्हणून ९,५०० आधीच कापलेले, तो विमा मी मागितलाच नव्हता. झालं काय, शेवटच्या कार्डाला १६,५८० कमी पडले. ते तसेच ४२ टक्क्यांनी चालू राहिले आणि वर्षभर नुसतं ठुसठुसत होतं.

त्याआधी एका फायनान्सवाल्यानं तर १२ टक्के सांगितलं होतं, मी खूष. घरी येऊन पाहतो तर फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज. १ लाखाला ३ वर्षं १२ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता ३,७७८, घटत्या बाकीवर पाहिलं तर ते जवळपास २१ टक्के पडतं. आता ऑक्टोबर २०२४ पासून की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) द्यावंच लागतं, त्यात एपीआर म्हणून फी-बी धरून खरा दर लिहिलेला असतो. एजंट काय बोलतो ते सोडा, तो कागद वाचा.

शहाद्याचा

मी सावकारापासून सुटायला लोन घेतलं, शेकडा पाच महिन्याला, म्हणजे वर्षाला ६०. बँकेचे १६ टक्के मला प्रसाद वाटले. पैसे देताना दोन साक्षीदार नेले, कोरे चेक मोजून परत घेतले, पाच दिले होते, तो चारच काढत होता, पाचवा काढेपर्यंत गठ्ठा टेबलावरच धरून बसलो. विनापरवाना सावकार असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, २०१४ चा कायदा आहे. मी केली नाही. गाव एकच आहे भो.

आणि ॲपवाल्यांचं: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायला परवानगी नाही. माझ्या मित्राच्या मामाला रात्री साडेदहाला फोन गेला होता. स्क्रीनशॉट ठेवा.

तापीकाठचा, जळगाव

सगळ्यांना धन्यवाद. धुळेवाल्यांचं वाचून पोटात गोळा आला, म्हणून रविवारी वरणबट्टी झाल्यावर वही घेऊन बायकोसमोर बसलो. तिला कार्डांचं माहीतच नव्हतं. वाटलं होतं भांडण होईल. ती उठली, डब्याखालून भिशीची डायरी काढली. भिशी तिनं आधीच उचलून घेतलीय, ९ हप्ते ३-३ हजारांचे बाकी, म्हणजे २७,०००. सराफाकडे तिच्या बहिणीच्या लग्नातले २८,००० उधार, तेही मला माहीत नव्हतं. आणि मग ती म्हणाली, माझ्या भावाचे ६० हजार कुठं लिहिलेत?

लिहिलेच नव्हते. त्याला व्याज नाही, सिबिलच्या कर्जनोंदीत दिसत नाही, म्हणून मी ते देणं धरतच नव्हतो. तो मात्र दोन आखाज्या झाल्या घरी आला नाही, मला वाटायचं दुकानाची गडबड असेल.

तर बेरीज आता ४,३८,०००. ३८ हजारांवर बँक तेवढं देईल असं वाटत नाही, त्यामुळे लोन फक्त कार्डं आणि ॲपपुरतं, फी धरून थोडं जास्त, ३ वर्षं. पतसंस्था आणि फ्रिज आहे तसं चालू. कार्डं बंद करायचे अर्ज लिहून ठेवलेत. जो हप्ता वाचेल त्यातले ५ हजार दर महिन्याला मेहुण्याला, हे बायकोनं ठरवलं, मला विचारलं नाही.

@शेवभाजी, तो की फॅक्टचा कागद सहीच्या आधी मागायचा की मंजुरीनंतर मिळतो? मंगळवारी सुट्टी टाकलीय.

शेवभाजी, धुळे

सहीच्या आधी. इंग्रजीत दिला तर मराठीत मागा, समजेल त्या भाषेत द्यावा लागतो त्यांना. आणि विम्याच्या रकान्यावर आधी बोट ठेवा.